अकराव्या घरातली हुरहूर

एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने लाखो सूर वाजवले असतील. त्यातला जगाच्या लक्षात राहिला तो एक, तोही अडीच मात्रांचा. आणि गंमत अशी की तो दुसऱ्याच्या नावावर होता.

वाद्यवृंदात बासरीच्या खुर्च्या दोन. पहिलीवर बसणाऱ्याला लोक ऐकतात, आणि दुसरीवर बसणारी त्या पहिल्याला ऐकते. त्याचा आवाज आज जाड आहे की बारीक, ओठ सुकलेत का, घरून भांडून आलाय का, हे सगळं कानानेच हेरायचं आणि आपला आवाज त्याच्या आवाजात साखरेसारखा विरघळवायचा. साखर दिसली की काम बिघडलं. या कामात ती इतकी तरबेज होती की लोक तिला नुसतं 'दुसरी' म्हणत. तिच्या लग्नाच्या वर्षी एका समारंभात पहिल्या खुर्चीवाल्याने "ही माझी दुसरी" अशी तिची ओळख करून दिली होती. समोरच्या बाईंनी तिच्या नवऱ्याकडे असं काही कळवळून पाहिलं, की तो बिचारा महिनाभर येईल-जाईल त्याला ते सांगून हसत होता.

हा पहिला खुर्चीवाला म्हणजेच पुढे भिंतीभिंतीवर झळकलेला तो नामवंत बासरीवादक. पण तेव्हा तो चौतिशीतला एक हडकुळा नोकरदार होता. त्याच्या गळपट्टीचं एक टोक नेहमी बाहेर आलेलं असायचं, आणि छाती म्हणाल तर चिमणीची. हे गुपित वाद्यवृंदात तिला एकटीला माहीत होतं, शेजारी बसायची म्हणून. "शेजारीण," तो कुजबुजायचा, "माझ्या फुप्फुसांत भाड्याच्या खोलीएवढीच जागा आहे. पाहुणा आला की मला बाहेर उभं राहावं लागतं." ती त्याला 'शेजारी' म्हणायची. तीन वर्षांत दोघांचं याहून जवळचं बोलणं कधी झालं नाही. आणि ज्यांनी याहून जवळचं काही शोधायचा प्रयत्न केला, त्यांच्या हाती काही लागलं नाही.

तर एक संथ रचना होती. कागदावर दोन उभ्या रेघांमध्ये जी जागा असते तिला वाजवणारे 'घर' म्हणत. या रचनेत सलग अठरा घरं बासरी एकटी बोलते आणि खाली तंतुवाद्यं धुक्यासारखी पसरलेली असतात. जवळजवळ चाळीस सेकंदांचं काम. जगातले सगळे वादक दहाव्या घराच्या शेवटी हळूच श्वास घेत, आणि ऐकणारेही सभ्यपणे तिकडे कानाडोळा करत. पण हातातल्या काठीने वाद्यवृंद चालवणारे त्या वेळचे म्हातारे संचालक हट्टाला पेटले. "मधे श्वास ऐकू आला, तर मी काठी खाली ठेवून घरी जाईन," म्हणाले. कार्यक्रम रेडिओवर थेट जाणार होता. म्हातारा खरंच घरी गेला असता.

त्यात शेजाऱ्याला सर्दी झालेली.

दुसरीला त्या अठरा घरांत काहीच वाजवायचं नव्हतं. तिच्या कागदावर नुसती विश्रांती लिहिलेली. ती बासरी मांडीवर धरून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मुलीचा ताप उतरला असेल का याचा विचार करत होती. नववं घर गेलं, दहावं गेलं, आणि तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचा खांदा अर्धा इंच वर गेला. तो खांदा तिला पाठ होता. पुढच्या क्षणी सूर तुटणार होता. तिने त्याच वेळी एक सुस्कारा सोडला होता, मुलीच्या तापाचा. परत श्वास भरायला वेळच नव्हता. छातीत उरलासुरला जो काही वारा होता त्यावरच तिने बासरी ओठांना लावली आणि त्याचा सूर खालून उचलून धरला. अख्खं अकरावं घर आणि बाराव्याचा उंबरठा. अडीच मात्रा. तेवढ्यात त्याने श्वास घेतला, आणि हातातलं तान्हं परत द्यावं तसा तिने तो सूर त्याला देऊन टाकला.

म्हातारे संचालक डोळे मिटून उभे होते. काठी हातातच राहिली.

शेजाऱ्याचा श्वास असा झाकणं ही फुंकवाद्यांच्या ओळीत काही मोठी गोष्ट नाही. नाटकगृहात कुणी ओळीतून पुढे जाऊ लागलं की आपण गुडघे बाजूला घेतो, तशातलीच. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही आणि कुणी लक्षातही ठेवत नाही. कार्यक्रमानंतर बासरी पुसता पुसता तो एवढंच म्हणाला, "शेजारीण, तू आलीस कुठून?"

"इथेच तर बसले होते," ती म्हणाली, आणि औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून पळाली.

पुढच्या आठवड्यात रेडिओ केंद्रावर पत्रांचा पाऊस पडला. एका श्वासात अठरा घरं! कोण हा माणूस? ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं गेलं, मग पुन्हा, मग त्याची तबकडी निघाली. एका समीक्षकाने लिहिलं, की अकराव्या घरात हा कलावंत आपला सूर अचानक पातळ करतो, इतका पातळ की आता विझेल असं वाटतं, आणि त्याला 'हुरहूर' याखेरीज दुसरा शब्द नाही. शब्द लोकांच्या तोंडी बसला. लोक तबकडीची सुई नेमकी तिथे आणून ठेवायला शिकले. वर्षाच्या आत शेजाऱ्याने नोकरी सोडली आणि तो एकट्याने कार्यक्रम करू लागला. जगाने त्याला 'एका श्वासाचा धनी' म्हटलं आणि वाद्यवृंदाने 'एकदम्या'. छातीला चोळायच्या एका मलमाच्या जाहिरातीतही तो झळकला. बासरी हातात, छाती पुढे. ती छाती पाहून दुसरीला भर रस्त्यात इतकं हसू आलं की समोरून येणारा ट्रकही तिला दिसला नसता.

माणूस लबाड नव्हता मात्र. नाव मिळालं म्हटल्यावर त्याने ते खरं करून दाखवलं. पोहला, डोंगर चढला, गालात हवा साठवून नाकाने श्वास ओढायची युक्ती दोन वर्षं घासून शिकला. मग अठरा घरं काय, तीससुद्धा न थांबता वाजवू लागला. आणि अकराव्या घरात, अडीच मात्रा, न चुकता आवाज पातळ करू लागला. लोकांना ते हवंच होतं. त्याचे शिष्य ते शिकले, शिष्यांचे शिष्य शिकले. परीक्षेत त्याला वेगळे गुण ठेवले गेले. म्हणजे देशोदेशीचे बासरीवाले त्या एका जागी, स्वतःला न कळत, मुलीच्या तापाची काळजी करत होते.

आणि दुसरी? पहिली खुर्ची रिकामी झाली तेव्हा विचारणा आधी तिलाच झाली होती. मुलगी लहान आहे, असं सांगून तिने नाही म्हटलं. मुलगी लहान होती हे खरं. पण मुलगी मोठी होऊन आपल्या घरी गेली तरी ही दुसऱ्याच खुर्चीवर बसलेली, हेही खरं. पहिल्या खुर्चीवर बसलं तर शेजारी परत येईल तेव्हा बसेल कुठे, असा काहीतरी वेडा विचार त्यामागे होता. तो तिने कुणाला बोलून दाखवला नाही आणि स्वतःशीही कधी पुरता केला नाही. पाच पहिले आले आणि गेले. पाचही जणांच्या आवाजात ती विरघळली. पण एकाचाही खांदा तिला पाठ झाला नाही.

एकदा, सहा-सात वर्षांपूर्वी, तेव्हाचा पहिला आजारी पडला आणि त्या रचनेची तालीम तिला करावी लागली. नवे संचालक तरुण, सभ्य, घासूनपुसून बोलणारे. "बाई, सगळं सुरेख," ते म्हणाले. "फक्त अकराव्या घरातली हुरहूर त्यांच्यासारखी येत नाही. एकदा त्यांची तबकडी ऐकून या ना."

ती मुकाट्याने घरी आली, तबकडी काढली आणि स्वतःला ऐकत बसली. नवरा पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचा. त्याला सगळी हकीकत ठाऊक होती. "म्हणजे तुला तुझ्यासारखं वाजवता येत नाही!" असं म्हणून तो इतका हसला की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशीही तिला ते जमलं नाहीच.

आता ती अठ्ठावन्नची झाली. महिनाअखेर निवृत्ती. आणि त्याच महिन्यात सूचनाफलकावर कागद लागला: पाहुणे वादक म्हणून एकदम्या येणार. अठ्ठावीस वर्षांनी, त्याच सभागृहात, तीच रचना. शनिवारी दुपारी चार वाजता, थेट प्रक्षेपण.

"तुझा तो शेजारी येतोय म्हणे," नवरा सकाळी चहा गाळता गाळता म्हणाला. त्याचीही निवृत्ती होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. डब्यांवर नकाशातल्यासारखी बाणांची चिन्हं काढून ठेवली होती.

"माझा कसला? सगळ्या जगाचा."

"जगाचा असू दे. तू त्याला सांगणार आहेस का नाही?"

"काय सांगायचं?"

"जे अठ्ठावीस वर्षं मला सांगतेस ते."

तिने कप पुढे ओढला. "अहो, सांगायचं काही नाही. मला... एकदा वाजवायचंय ते. त्याच्याबरोबर. त्याने तिथे थांबावं आणि मी यावं. बास."

"मग माग की. तोंड आहे ना?"

"हे काय भाजी मागण्यासारखं आहे?"

"भाजीसुद्धा तू मागत नाहीस," नवरा म्हणाला. "मीच सांगतो, घे अजून थोडी."

गुरुवारी सकाळी तालमीच्या खोलीचं दार उघडलं आणि तो आत आला. केस पांढरे, खांदे रुंद झालेले, अंगात सुंदर बेतलेला कोट. आणि गळपट्टीचं एक टोक बाहेर. सगळे उभे राहिले. संचालक दोन्ही हात पुढे करून धावले. त्यांच्या डोक्यावरून त्याने थेट मागच्या ओळीकडे पाहिलं आणि ओरडला, "शेजारीण! अजून इथेच?"

"इथेच तर बसले होते," ती म्हणाली. पण गलक्यात ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

आताची पहिली एकोणतीस वर्षांची होती, हुशार, सुवर्णपदकवाली. तिने दुसरीच्या कानाशी तोंड आणलं. "ताई, तुम्ही ओळखता त्यांना? मग तेव्हा, म्हणजे ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा, तुम्ही होतात?"

"होते."

"कसं वाटलं?"

"दम लागला," ती म्हणाली. पहिलीने मान डोलावली. किती सुंदर बोलतात ताई, असं तिला वाटलं असणार.

तालीम सुरू झाली. तो पुढे, संचालकांच्या बाजूला उभा. मागच्या ओळीपासून बारा पावलं. त्याने वाजवलं आणि दुसरीच्या लक्षात आलं की माणूस खरोखर मोठा झालाय. आधीची दहा घरं इतकी भरलेली, इतकी निवांत. आणि मग अकरावं आलं. तिथे त्याने दुसऱ्याचा कोट अंगात घालावा तसा एक आवाज चढवला. हुशारीने बेतलेला, पण दुसऱ्याचा. तिला तो ओळखू आला. आपला जुना कोट दुसऱ्याच्या अंगावर बघावा, आणि तो त्याला खांद्यात घट्ट होतोय हेही दिसावं, तसं काहीसं तिला झालं.

सुट्टीत ती वाद्यं ठेवायच्या खोलीत गेली. मोठमोठ्या पेट्यांच्या मागे एक बाक होता. तिथे तो एकटाच बसला होता, हातात चहा, लोकांपासून पळून आलेला. तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ऐकलंस? इतकी वर्षं झाली, तुझा आवाज मला काढता येत नाही."

ती पेटीला धरून उभी राहिली.

"तुला काय वाटलं, विसरलो? दरवेळी तिथे पोचलो की वाटतं, आता डावीकडून येईल. दरवेळी. पाच-सहा सेकंद आधीपासूनच वाटायला लागतं. मग कुणी येत नाही, आणि मी आपली तुझी नक्कल करतो. लोक टाळ्या वाजवतात." तो हसला. "सांगायला हवं होतं मी लोकांना. आधी धीर झाला नाही. नंतर ते मलम आलं."

"मलमाचा फोटो छान होता," ती म्हणाली.

"छाती कापसाची होती. शप्पथ."

दोघं हसली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "शेजारी, शनिवारी तिथे थांबाल? मी येईन."

त्याने कप खाली ठेवला. "अगं, मी तेच विचारायला इथे आलोय. नाहीतर या वाद्यवृंदाला मी परवडतो कुठे? आणि मला कंटाळा आहे प्रवासाचा."

शुक्रवारी ती तासभर आधी येऊन बसली. ओठ भिजवले, बासरी ऊबदार केली, मनातल्या मनात अठरा घरं तीनदा हिंडून आली. तालीम सुरू झाली. दहाव्या घराच्या शेवटी त्याचा खांदा वर गेला, बारा पावलांवरूनही तिला तो दिसला. ती तयार होती. पोटापासून श्वास भरलेला, बोटं जागेवर. ती आली. नेमकी, वेळेवर.

संचालकांनी काठी टेबलावर टकटक आपटली. "कोण होतं ते?"

चाळीस डोकी मागे वळली. पहिलीने घाबरून आपली बासरी मांडीवर आडवी करून दाखवली. मी नाही.

"मी सांगितलं होतं त्यांना," एकदम्या म्हणाला. "तेवढं त्या वाजवतील."

"सर, आपण म्हणाल तसं," संचालक म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र आपण म्हणाल तसं म्हणत नव्हता. "फक्त... पुन्हा एकदा?"

पुन्हा एकदा झालं, आणि पुन्हा एकदा. तिन्ही वेळा तिचा सूर आला तो खाऊनपिऊन सुखी, गुबगुबीत, भक्कम. कुणी बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. हुरहूर तेवढी नव्हती. संचालक फार हळुवारपणे म्हणाले, "बाई, तुमचं चुकत काहीच नाही. पण लोक जे ऐकायला येतात ते तिथून निघून जातं, नाही का?"

निघून जातं हे तिला पहिल्याच वेळी कळलं होतं, आणि का, तेही. त्या दिवशी तिच्या छातीत वारा नव्हता. तिला यायचंच नव्हतं, यावं लागलं होतं. जगाने जिला हुरहूर म्हटलं ती म्हणजे एका बाईचा संपत आलेला श्वास. तो ठरवून आणायचा कसा? ती कालपासून तयारी करत होती, आणि तयारीनेच घात केला होता. पोट रिकामं ठेवून, श्वास सोडून बघावं असंही तिच्या मनात आलं. पण ती तर आणखी एक नक्कल झाली असती. त्याची एक नक्कल चालू होतीच, तिने आपली दुसरी का काढावी?

"राहू द्या," ती उभी राहून म्हणाली. "सरांनीच वाजवावं. तेच बरोबर आहे."

त्याने मागे पाहिलं. बाहेर पडताना जिन्यात दोघांची गाठ पडली, तेव्हा तो चाहत्यांच्या घोळक्यात होता. घोळक्याच्या वरून एवढंच म्हणाला, "उद्या बघू, शेजारीण."

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. उंच खिडक्यांतून उजेड आत येत होता, आणि मागच्या ओळीतल्यांच्या कागदांवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. दुसरी आपल्या खुर्चीवर बसली. समोर विश्रांतीचा कागद, मांडीवर बासरी. या सभागृहातला तिचा शेवटून दुसरा कार्यक्रम.

तो सुरू झाला. पहिलं घर, दुसरं घर. लोक आधीपासूनच अकराव्याची वाट बघत होते, जेवणात गोडाची बघावी तशी. आठवं, नववं. दहाव्याच्या शेवटी त्याचा खांदा वर गेला.

आणि सूर थांबला.

त्याने नाकाने श्वास ओढला नाही, गालांची युक्ती केली नाही. बासरी ओठांपासून बोटभर दूर धरून तो उभा राहिला. खाली तंतुवाद्यांचं धुकं तसंच चालू होतं आणि वर कुणीच नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने खुर्चीचा हात घट्ट पकडला. संचालकांचा चेहरा पांढरा पडला. तो मात्र शांत होता. त्याची पाठ मागच्या ओळीकडे होती, डावा खांदा किंचित कलता, कुणाला तरी आत येऊ देण्यासाठी दारातून बाजूला होतात तसा.

तिला पोचता आलं असतं. एके काळी ती याहून कमी वेळात पोचली होती. बासरी मांडीवरून उचललीही गेली होती, छातीपर्यंत आली होती. पण तो बुडत नव्हता. काठावर उभा राहून तिला हात देत होता. तेव्हा ती न विचारता धावली होती, कारण नाहीतर सूर मेला असता. आज काही मरत नव्हतं. आज ती जागा नुसती उघडी होती, तिच्यासाठी, हजार लोकांच्या देखत, आणि ती किती मोठी होती! वाजवताना तिला हे कधी कळलंच नव्हतं. वाजवताना ती त्या जागेत होती. आता पहिल्यांदा बाहेरून बघत होती. हिच्यातून आपण गेलो होतो. हिच्यासाठी अठ्ठावीस वर्षं खुर्ची बदलली नाही.

बासरी छातीशीच राहिली. बाराव्याच्या उंबरठ्यापलीकडे त्याने सूर उचलला आणि उरलेली घरं पुरी केली.

टाळ्या आधी अडखळल्या, मग कोसळल्या. लोकांना आपण काय ऐकलं ते कळलं नव्हतं, पण पुढच्या दोन तासांत ते ठरवणार होते. पडद्यामागे पहिली धावतच आली. "ताई, तो विराम! काय विलक्षण! किती मोजायचा तो?"

"अडीच मात्रा," दुसरी म्हणाली. आता परीक्षेत याचेही गुण ठेवतील, हे तिला दिसलंच.

तो फुलांच्या आडून वाट काढत आला. चेहरा घामेजलेला, थोडा रागावलेला, थोडा लहान मुलासारखा. "का नाही आलीस?"

"जागा बघत होते," ती म्हणाली.

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. पण तेवढ्यात संचालकांनी त्याचा दंड धरला, कुणीतरी कॅमेरा पुढे केला, आणि घोळक्याने त्याला उचलून नेलं. जाता जाता तो दोनदा मागे वळला. ती हात हलवायला विसरली. तिने बासरीचे तीन भाग सुटे केले, एकेक पुसला, पेटीत ठेवला, आणि ऊन उतरायच्या आत घरी निघाली.

नवऱ्याने दार उघडलं तेव्हा तो चांगलाच वैतागला होता. "दुपारपासून कान टवकारून बसलोय! म्हटलं, आज बायको वाजवणार का नाही काही सांगून गेली नाही, आपण ऐकून तरी ठेवू. आणि नेमकं त्याच जागी हे डबडं बंद पडलं. तंतुवाद्यांची कुजबुज ऐकू येतेय, बासरी गायब! दोन थपडा मारल्या तेव्हा कुठे आली."

तिने चपला काढल्या. रेडिओकडे पाहिलं. त्याचं एक बटण थपडेने वाकडं झालं होतं.

"रेडिओ बंद पडला नव्हता," ती म्हणाली.

"मग?"

"ती मी होते."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. नळांचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस, पाणी दिसत नसलं तरी कुठून जातं ते त्याला कळायचं. त्याने चहाचं पातेलं काढलं. पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हे पुन्हा लावतात ना हो रेडिओवर?"

"लावतात की. पुढच्या रविवारी, सकाळी दहाला."

"तेव्हा थपडा मारू नका," ती म्हणाली.